चौथा फोटो

“कारलं!” रंगनाथ ओरडला. “शंभर टक्के कारलं!”

“चूक,” अंजुम म्हणाली आणि तिने मोबाईलवर बोटं फिरवली. टीव्हीच्या पडद्यावरचा हिरवा खरखरीत डोंगर मागे सरकत गेला आणि त्यातून भांड्यांची घासणी निघाली. खोलीभर हशा पिकला. रंगनाथच्या बायकोने कपाळाला हात लावला.

“रोज हातात असते माझ्या. अन् मलाच ओळखू आली न्हाई!”

सोनईच्या त्या गल्लीत रविवार संध्याकाळचा हा खेळ आता ठरूनच गेला होता. मोबाईलला भिंगाची छोटी चिमटी लावून अंजुम आठवडाभर कसल्याकसल्या वस्तूंचे अगदी जवळून फोटो काढायची. शेजारी जमायचे, चहा व्हायचा, आणि सगळे आपल्याच घरातल्या वस्तूंपुढे हरायचे. सर्वांत मोठ्याने ओरडायचा तो अंजुमचा नवरा परवेझ.

आज वैजनाथही आला होता. तीन घरं सोडून राहायचा, पण खेळाला कधी फिरकला नव्हता. अंजुमने स्वतः जाऊन बोलावलं, तेव्हा तो जरा चपापलाच होता. गेलं वर्षभर ती त्याच्या घरच्यांशी धड बोलत नव्हती.

त्याला कारण होतं. अंजुमच्या लग्नाआधी तिचे अब्बा, अमीरभाई, नेवासा फाट्याजवळून सायकलवर घरी येत होते. कुठल्यातरी गाडीने त्यांना उडवलं आणि ती गाडी थांबलीही नाही. मागून येणाऱ्या परवेझने त्यांना उचललं, आपल्या गाडीत घातलं आणि नगरच्या दवाखान्यात नेलं. अब्बा शुद्धीवर न येताच गेले. पांढरी जीप होती, भरधाव घोडेगावकडे गेली, एवढं परवेझने पोलिसांना सांगितलं. पुढे तो चाळिसाव्या दिवसाच्या विधीपर्यंत येत राहिला, कोर्टकचेरीला धावला, अम्मीला आधार दिला. त्याच्या घरून मागणी आली तेव्हा नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

लग्न होऊन सोनईत आल्यावर अंजुमला कळलं, की वैजनाथकडे पांढरी जीप होती. अपघाताच्याच आठवड्यात ती जीप नगरला रंगवायला गेली होती. रंगनाथ सहज बोलून गेला होता. तिने परवेझला विचारलं.

“असू शकते त्याचीच,” तो म्हणाला होता. “पण मी नंबर कुठं पाहिला? पुराव्याशिवाय कुणाचं नाव घेऊ नये.”

पुरावा अंजुमकडे होता. अपघाताच्या वेळी अंगात असलेला अब्बांचा लोकरीचा कोट धुवायला काढला, तेव्हा बाहीच्या लोकरीत काहीतरी अडकलेलं तिला सापडलं होतं. नखाएवढा तांबडा तुकडा, एका बाजूला काळं प्लॅस्टिक चिकटलेलं. तो कशाचा, तिला आजवर कळलं नव्हतं. तिने तो कुणालाच दाखवला नव्हता, परवेझलाही नाही. तो लगेच पोलिसांकडे देऊ म्हणाला असता, आणि तिथे तो हरवला असता.

ज्याचा आहे तो ओळखेल. तोंडाने नाही सांगितलं, तरी चेहरा सांगेल.

तिने चौथा फोटो लावला.

पडदाभर तांबडं पसरलं. त्यावर एकाशेजारी एक वळत गेलेल्या बारीक सऱ्या, आणि त्या सगळ्यांना कापत गेलेली एक तिरपी चीर.

“नांगरलेलं रान,” रंगनाथ म्हणाला. “वरून काढलंय.”

“गाजराचा काप,” त्याची बायको म्हणाली.

अंजुम पडद्याकडे बघतच नव्हती. ती वैजनाथकडे बघत होती. त्याने कप खाली ठेवला आणि तोंडावरून हात फिरवला.

“तुम्ही सांगा ना, भाऊजी.”

“मला न्हाई कळत असलं, वहिनी.”

“नीट बघा. कधीतरी पाहिलं असेल.”

“मी कशाला पाहू?” त्याचा आवाज चढला. मग तो ओशाळला. “घरातली वस्तू हाय का ही? वाटत न्हाई तशी.”

“मग कुठली वाटते?”

रंगनाथने बायकोकडे पाहिलं.

“जाऊ दे ना, अंजुम,” परवेझ म्हणाला. “पुढचा लाव. हा कुणाला नाही यायचा.” तो उठून रिकामे कप गोळा करू लागला.

“वहिनी, तुमच्या मनात काय हाय ते ठाऊक हाय मला,” वैजनाथ उभा राहत म्हणाला. “गल्लीत सगळ्यांनाच ठाऊक हाय. माझी जीप बांधाला घासली हुती, म्हणून रंगवली. किती येळा सांगू?”

तो दाराकडे वळला. निरपराध माणूस असा पळ काढत नाही, तिला वाटलं. उद्या सकाळीच तुकडा घेऊन पोलीस ठाण्यात जायचं, परवेझला बरोबर घेऊन. तिने मोबाईल बंद करायला बोट उचललं.

“थांब, थांब. काढू नको.”

कोपऱ्यातल्या खुर्चीवरून तिची सासू बद्रुन्निसा उठली. म्हातारी दर रविवारी नुसती बसून हसायची, आजवर एक वस्तू तिने ओळखली नव्हती. ती टीव्हीच्या अगदी जवळ गेली. पडद्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे, आणि तिचा चेहरा लहान पोरीसारखा फुलला.

“अगं, ही तर लाख हाय! बांगड्यांची लाख. अन् ह्या सऱ्या न्हाईत, अंगठा हाय, माझा अंगठा! ही बघ चीर, विळीनं कापलेली. हरला ना सगळे?”

“अम्मी, तुमचा अंगठा तिथे कसा येईल?” अंजुमने विचारलं.

“असा कसा म्हंजे? लाख गरम असताना दाबून बसवला की मी,” बद्रुन्निसा हसत मागे वळली. “परवेझ, सांग की रे हिला. तुज्या लग्नाआधीच्या जुन्या गाडीचा बाहेरचा आरसा निखळला हुता, तो मीच चिकटवला हुता म्हणून.”