दोन मतांचा गृहपाठ

दियाच्या टीचर स्कॉटलंडच्या. तिकडे नवी संसद निवडायची होती. प्रत्येकाला दोन मतं, एक उमेदवाराला, एक पक्षाला, आणि पक्षाला मतांच्या प्रमाणात जागा. तशीच निवडणूक घरी घ्या, असा त्यांनी गृहपाठ दिला होता.

दुबईत, करामा भागातल्या फ्लॅटमध्ये प्रल्हाद दोन्ही चिठ्ठ्या घेऊन बेडरूममध्ये गेला, दार लावलं आणि बराच वेळ आलाच नाही. आला तो डाव्या हाताचं बोट पुढे करून.

"शाई लाव."

दियाने हसत स्केचपेनचा ठिपका लावला. "बाबा, हाऊ मेनी टाइम्स हॅव यू व्होटेड?"

"हे पहिलंच."

एकोणिसाव्या वर्षी इथे आलेला माणूस. गावच्या मतदार यादीत नाव नव्हतं आणि इथे यादीच नव्हती.

"अहो, वाढलंय," हेमाने हाक मारली. "हात धुऊन या."

प्रल्हाद उजवा तेवढाच धुऊन आला.