हलका रंग

करिष्माला पाहायला मुलाकडचे येणार होते. भिलाईच्या कॅम्प-1 मधली एकच खोली. त्यातच गॅस, त्यातच पलंग. "हलका रंग मारला का जागा मोठी दिसते, आई," करिष्मानं मोबाईलवर पाहिलं होतं. तिच्या आईनं, रुक्मानं, कंबर मोडेस्तोवर भिंती घासल्या, पांढरा रंग मारला, जुन्या साडीचे पडदे शिवले, पेट्या पलंगाखाली ढकलल्या.

मुलाचे वडील आले. बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून मोठ्यानं जयभीम म्हणाले. मग चारी भिंतींवरून नजर फिरवली.

"घर मस्त ठेवलं, विहीणबाई. हुंडा-बिंडा आपल्यात नसते. पण तुमचं तर चांगलं चालून राहिलं. पोराले एखादी कार द्यायले काय जाते?"

रुक्मानं चहाचे कप पुढं केले. करिष्मा बोलली, "मंग फोटोले हात कावून जोडले, काकाजी?"

पाहुणे चहा न पिताच उठले. रुक्मा पलंगावर टेकली.

"मागचे पाहुणे बरे होते व," ती म्हणाली. "खोली लहान हाये म्हणून दारातूनच वापस गेले. पण मांगलं तर काही नव्हतं."