वाकणारं पातं

तिसऱ्यांदा तेच पातं वाकलं होतं, आणि या वेळी मुळाशी तडाही गेला होता. मिस्त्रीने होडीचा पंखा उजेडात धरला आणि मोगरीने हलकेच ठोकला. एरवी खणखणीत बोलणारं ॲल्युमिनियम फुटक्या मडक्यासारखं वाजलं.

"हा गेला," मिस्त्री म्हणाला. "आता नवाच घ्यावा लागणार."

धाकटा दारातच उभा होता. या काठावरून त्या काठावर माणसं पोचवणारा नावाडी. थोरला भाऊ तळ्यात जाऊन वर्ष होत आलं, तरी सगळे त्याला अजून धाकटाच म्हणत.

त्याचं आधीच ठरलं होतं. स्टीलचा पंखा हवा. महिन्यात तीनदा भर पाण्यात पंखा कशाला तरी अडला होता. इंजिन थरथरायला लागलं, बंद करावं लागलं. होडीत दहाबारा माणसं, त्यात म्हातारीकोतारी, पोरंसोरं. प्रत्येक वेळी वल्ही मारत माघारी यावं लागलं. लोकांनी नाही नाही ते सुनावलं. यापेक्षा पोहत निघाले असते तर एव्हाना पोचले असते, असं एक बाई म्हणाली. बरं, दुसरी फेरी मारावी तर नशीबही असं फुटकं, की तिन्ही वेळा काठाला लागायचा अवकाश, वादळ उठलं आणि सगळा दिवस वाया गेला.

बुडालेला ओंडका असेल, असं धाकट्याचं म्हणणं. पण ज्या जागी अडतं तिथे दोर सोडला तर दोर संपतो, तळ लागत नाही, हेही त्यानेच सांगितलं.

मिस्त्रीने फळीवरून तीन पंखे काढून पुढ्यात मांडले. माणसांसारखेच धातूंनाही देवाने स्वभाव दिलेत, असं तो नेहमी म्हणे. प्लॅस्टिकचा पंखा म्हणजे पाहुणा, चार दिवस गोड. ॲल्युमिनियम म्हणजे घरातली आई. स्वतः वाकेल, पण इंजिनाला धक्का लागू देणार नाही. आणि स्टील म्हणजे मिस्त्रीचे सासरे. समोरचं मोडतील, आपण वाकायचे नाहीत.

धाकटा हसला. "मग सासरेच बांधून द्या, काका."

मिस्त्रीला हसू आलं नाही. तो स्टीलचा पंखा जोडीतला होता. जोडीतला दुसरा थोरल्याने नेला होता. असाच इथे उभा राहून, असाच हट्टाने. तरुणपणी इंजिनाच्या पट्ट्यात थोरल्याचं उजव्या हाताचं मधलं बोट गेलेलं. भाव ठरवताना तोच हात पुढे करून तो म्हणायचा, "नऊ बोटांच्या माणसाला नऊ बोटांचाच भाव लावा, मिस्त्रीकाका." आणि मिस्त्री लावायचाही. त्या पंख्याला कधी काही अडलं नाही. वादळाच्या दिवशीही तो कुठे अडखळला नाही, थोरल्याला सरळ तळ्याच्या मध्यावर घेऊन गेला. मागे होडीचं फळकूटसुद्धा हाती लागलं नाही. गावात कुणी मिस्त्रीला बोल लावला नाही. रोज सकाळी हात जोडताना तो स्वतःच लावून घेई.

"कसला विचार करताय? द्या की," धाकटा म्हणाला. उद्या सकाळचीच माणसं त्याने धरली होती.

थोडा वेळ काढावा म्हणून मिस्त्रीने मोडका पंखा पुन्हा मांडीवर घेतला. पातं ठोकण्याआधी डोळे मिटून ते बोटांनी चाचपायचं, ही त्याची जुनी रीत. डोळे फसतात, बोटं फसत नाहीत. मागच्या दोन्ही वेळा माणसं खोळंबली होती, म्हणून त्याने ती रीत सोडून सरळ मोगरी चालवली होती. आज घाई नव्हती. पंखा भंगारातच जायचा होता.

त्याने डोळे मिटले. आपटलेल्या पात्याची कड चेचते, ओरखडे उठतात. इथे ओरखडा नव्हता. कड शाबूत होती. फक्त खळगे होते, ओल्या मातीत दाबावेत तसे मऊ, गोल. पात्याच्या मागच्या अंगालाही एक.

मिस्त्रीची बोटं थबकली. त्याने ती उचलली, पुसली, पुन्हा टेकवून पाहिली.

मग त्याने स्टीलचा पंखा उचलून फळीवर ठेवून दिला आणि ॲल्युमिनियमचा धाकट्याकडे सरकवला.

"हाच ने. वाकणारा."

"आणि पुन्हा अडला म्हणजे?"

"अडला की माघारी फिर. त्या दिवशी पुढे जायचं नाही."

धाकटा चिडला. माणसांचे बोल मी खायचे आणि तुम्ही कोडी घालायची, असं बरंच काही तो पुटपुटला. मनात काय आहे ते सांगा तरी, म्हणाला.

लहान पोराला अक्षर गिरवायला लावावं तसा मिस्त्रीने धाकट्याचा उजवा हात धरला, मोडक्या पात्यापाशी नेला आणि अंगठा मागे घालून बोटं पुढून टेकवली.

अंगठा खळग्यात बसला. पहिलं बोट बसलं. अनामिका बसली, करंगळी बसली. मधल्या बोटाखाली पातं सपाट होतं.