रकाना : अंतर

सावली गावातल्या माझ्या वर्गात कम्प्युटर एकच होता आणि सर्वांची पाळी येण्याआधीच लाईट जायची. पर्ल या संगणकभाषेतला माझा प्रोग्राम मुलांचा क्रम नावानुसार लावी, म्हणून अमरीन रोज पहिली आणि शिरीन रोज शेवटची. शिरीनने कीबोर्डला अजून हातही लावला नव्हता. "सर, माहं नाव बदलवू का?" तिने विचारलं. त्या रात्री जागून मी दुखऱ्या डोळ्यांनी प्रोग्रामच बदलला. आता तो आधी विचारत होता, कोणत्या रकान्यानुसार लावू: नाव, वय की घराचं अंतर? आकडा मोठा तो पहिला. "शिरीन, तूच सांग." "अंतर. माहं घर सगळ्यात दूर नं." "बस इथी, तेच टाइप कर." ती एकेक अक्षर शोधू लागली. "घर दूर, तं अक्षरंबी दूर काय वो?" रांगेतला प्रफुल ओरडला. तिने शेवटचं अक्षर दाबलं आणि लाईट गेली. पोरं हिरमुसली. मी थकून म्हणालो, "उद्या तुलेच पहिली बसवतो." "काऊन सर? माही पाळी झाली नं!"