चाळीस मिनिटं

“इंजिनात बिघाड. जहाज भर समुद्रात चाळीस मिनिटं उभं.” नोंदणी कचेरीतल्या बाईंनी जहाजाच्या नोंदवहीतून उतरवून टाइप केलेल्या ओळीवर बोट ठेवलं. “हेच खोडायचंय ना?”

“हेच,” म्हाताऱ्या इंजिनवाल्याच्या आधी त्याची लेक बोलली. “या एका ओळीपायी बाबांना पुन्हा कुणी मोठं जहाज दिलं नाही.”

जहाज मूळचं धान्य वाहणारं. युद्धात नौदलानं ते घेतलं, करडा रंग फासला, दोन तोफा बसवल्या आणि दारूगोळा वाहायला जुंपलं. आता ते मोडीत निघालं होतं. बाई त्याच्या कामगिरीचा इतिहास लिहीत होत्या.

“इंजिन ठणठणीत होतं,” म्हातारा म्हणाला. “आमच्या पुढं प्रवाशांचं जहाज बुडालं. माणसं पाण्यात होती, पण कुठंही थांबायचं नाही असा वरून हुकूम. कप्तानसाहेबांनी तरी थांबवलं. पहाटे कोळ्यांच्या होड्यांतून सगळ्यांना किनाऱ्याला धाडलं. मग साहेब खाली आले. म्हणाले, तुझ्या इंजिनावर घालू का? मी म्हटलं, घाला.”

लेक हे पहिल्यांदाच ऐकत होती. घरात आजवर त्यानं एवढंच सांगितलं होतं की इंजिन बिघडलं नव्हतं.

“मग कप्तानांनी खोटी नोंद केली, असं होईल,” बाई हळूच म्हणाल्या.

कप्तान जाऊन बरीच वर्षं झाली होती. म्हातारा काठी टेकत उठला. “मग राहू द्या. आहे ते बरं आहे.”

“बाबा, अहो तुमचं काय?”

तो दाराकडे निघालासुद्धा.

“काका, बसा जरा.” बाईंनी ती ओळ खोडली आणि यंत्रात कोरा कागद चढवला. “इंजिन थांबवलं, बुडणाऱ्यांना वर घेतलं. एवढंच लिहिते. खोटं कोण बोललं, ते मला कुणी विचारलेलं नाही.”

म्हातारा परत येऊन बसला. लेकीनं त्याचे हात आपल्या हातांत घेतले.

“किती जण होते?” बाईंनी विचारलं.

“पाहिलं नाही. मी खालीच होतो. इंजिन थांबल्यावर डोक्यावरच्या पत्र्यावर पावलं वाजायला लागली. अनवाणी. आमच्या लोकांच्या पायांत बूट असायचे, त्यामुळं लगेच कळलं. सत्तावीसपर्यंत मोजली.”

“आणि मग?”

“मग लहान पावलं यायला लागली. मोजायचं राहूनच गेलं.”