सातवं टेबल

सातव्या टेबलापाशी ऋचाने हातातलं घड्याळ थांबवलं, कारण तिथे मोजायला कुणी बसलेलंच नव्हतं. तरीही सहाव्यावरून सरकलेला मिक्सर आठव्यावरून पुढे गेला की त्यात सातव्याचं काही म्हणजे काही करायचं राहिलेलं नसायचं. तिने दोनदा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. मग सहाव्या टेबलावरच्या जयंतीला तिने हिंदीत विचारलं, की या टेबलाच्या वाट्याचं काम करतं कोण?

जयंती आधी नुसतीच वायरी जोडत राहिली. कंपनीने लाइनची मांडणी बघायला माणूस पाठवला की त्याच्याशी जपून बोलावं, हे अख्ख्या विश्वकर्मा औद्योगिक वसाहतीत पोरासोरांनाही ठाऊक असतं. पण पोरीच्या गळ्यातल्या कार्डावर सबनीस असं आडनाव दिसलं, आणि पोरगी अडखळत का होईना, "काकू" म्हणाली. नवरा फौजेतून निवृत्त झाला तेव्हापासून जयंती इथेच, वसाहतीजवळच्या मुरलीपुऱ्यात राहिलेली. साताऱ्याकडचं बोलणं तिला घराबाहेर ऐकू येतच नव्हतं. परमुलखात आपल्या भाषेचा एक शब्द कानावर पडला की भलेभले विरघळतात, तिथे जयंतीची काय कथा.

तिने सगळं सांगितलं. सातव्यावरच्या पार्वतीचं गर्भपिशवीचं ऑपरेशन झालं होतं. दीड महिना घरी. ठेकेदाराचा माणूस चंदन तेव्हा म्हणाला होता, "गिनती पूरी, तो नाम पूरा." रोजचे साडेचारशे मिक्सर निघत राहिले तर तो तिचं नाव कापणार नव्हता. पार्वतीचं घर तिच्या एकटीच्या हातांवर चाललेलं. म्हणून बायकांनी तिचं काम वाटून घेतलं. वायरी स्विचला जोडायच्या जयंतीने, कॉर्डची क्लिप आठव्यावरचीने, तळाचे रबरी बूट पाचव्यावरचीने.

"हे बसवलं कुणी?" ऋचाने विचारलं.

"मीच," जयंती म्हणाली. सांगताना तिला जरा लाज वाटली आणि बरंही वाटलं.

मतलब, हेच शिकायला आम्हाला इंजिनीअरिंगला चार वर्षं लागली, असं ऋचा म्हणाली आणि अगदी मनापासून म्हणाली. बारावीसुद्धा न झालेल्या बाईला याहून मोठं कौतुक कुठून मिळणार? मग जयंतीला राहवेना. हात लांबवायला लागू नये म्हणून घरून आणलेल्या वाट्या तिने दाखवल्या. स्क्रूचे डबे डावीकडे का घेतले ते सांगितलं. कुणाचे किती सेकंद वाचतात तेही तोंडपाठ म्हणून दाखवलं. ऋचा भराभर लिहून घेत होती. एकच गोष्ट सांगायची राहिली. मध्ये कुणाला उठावं लागू नये म्हणून त्या अकराही जणी जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाण्याचा घोट घेत नव्हत्या. असलं काय पोरीला सांगायचं, म्हणून जयंतीने ते गिळलं.

शनिवारी फळ्यावर लाइनचा नवा नकाशा लागला. त्यात अकरा टेबलं होती. दोन हमालांनी सातवं टेबल उचलून बाहेर नेलं, बाकीची पुढे सरकवली आणि आठव्याच्या पाटीवर सात लिहिलं. आपल्या पायावर धोंडा पाडून घेणारे पुष्कळ असतात. जयंतीने तो मैत्रिणीच्या पायावर पाडला होता.

तिने ऋचाला जिन्यात गाठलं.

"ताई, ती सोमवारी येतीय. तिची जागा राहावी म्हणून तर केलं होतं आम्ही."

ऋचाच्या डोळ्यांत पाणी आलं. "काकू, मी काहीच बदललं नाही. तुम्ही जसं बसवलं होतं ना, अगदी तसंच लिहिलं."

तेव्हा जयंतीने पाण्याचं सांगितलं. हे तेव्हा का नाही सांगितलं, असं ऋचाने हळूच विचारलं. आता कागदावर सह्या झाल्या होत्या.

रविवारी तिने दोनदा पार्वतीचा नंबर लावला आणि दोन्ही वेळा रिंग जाण्याआधी फोन ठेवून दिला. कुठल्या तोंडाने सांगणार होती?

सोमवारी पार्वती आली. पोटावर हात ठेवून, पाऊल जपून टाकत, पण चेहरा सणाला आल्यासारखा. लाइन सुरू झाली होती. सातव्यावर आठव्यावरची बाई बसलेली पाहून ती हसली. आपण बऱ्या होईपर्यंतची ही सोय, असंच तिला वाटलं. ती जयंतीच्या मागे येऊन उभी राहिली. बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिली. आपलं काम दुसऱ्याच्या हातून इतकं नेटकं होताना तिने कधी पाहिलं नव्हतं.

"कितना किया आप लोगों ने मेरे लिए," ती म्हणाली. "लाओ दीदी, अब मेरा काम मुझे दे दो."

जयंतीला उठायचं होतं. निदान मान वळवून तिच्याकडे बघायचं होतं. पण पाचव्यावरून मिक्सर सरकत आला. तिने आधी आपलं काम केलं, मग पार्वतीचं केलं आणि मिक्सर पुढे ढकलला. मागून दुसरा आला. पार्वती हात पुढे करून उभीच होती.