आठवा नमुना

सासऱ्यांच्या तेलकट डोक्याने भिंतीवर डाग पाडला, म्हणून सूनबाईने त्यांची आरामखुर्ची गॅलरीत हलवली आणि रंगारी बोलावला. रंग हवा होता ना धड करडा, ना धड बदामी. रंगाऱ्याने त्याच भिंतीवर सात नमुने लावून दाखवले. एक सिमेंटसारखा, एक पाणचट चहासारखा. तिने सातही नमुन्यांना नाक मुरडलं.

शेवटी भिंतीचा फोटो ऑफिसातल्या मैत्रिणींना दाखवला आणि सगळ्यांचं एकमत झालं.

"हाच लावा!" घरी येऊन तिने फोटोवर बोट ठेवलं.

"ताई, हा माझा नमुना नाही," रंगारी चाचरत म्हणाला. "हा बाबांच्या डोक्याचा डाग आहे."



गॅलरीतून आवाज आला, "सूनबाई, खुर्ची आत आणतो गं. रंगाचा दुसरा हात मारायचा राहिलाय!"